सवलत परीक्षेत मिळते, पण वर्गात शिकवणार कोण? शालेय शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

विषय: आठवी ते दहावीतल्या दिव्यांग आणि अध्ययन अक्षम (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणाऱ्या) विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मदत मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवते. हे म्हणणं नेहमीसारखं निवेदन म्हणून वरिष्ठ कार्यालयात देता आलं असतं. अशी निवेदनं शिक्षकांनी दिली, पालकांनी दिली, पोचपावत्याही जपून ठेवल्या आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. म्हणून या वेळी जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगते. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनीही ते वाचावं आणि मी काही चुकीचं मागत असेन तर तसं सांगावं.

निमित्त असं झालं. नववीचे निकाल लागले आणि आमच्या आळीतल्या एका मुलाच्या वडिलांना त्याच्या शाळेत बोलावणं आलं. ती शाळा माझी नाही, पण आमच्याच भागातली आहे. मुलगा नववी कसाबसा पास झाला होता. वडिलांना सांगण्यात आलं की दहावीला याला शाळेतून बसवू नका, दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा, त्यातच त्याचं भलं आहे. वडील भाजीचा व्यवसाय करतात, आठवड्याचे चार बाजार करतात. ते माझ्याकडे एवढंच विचारायला आले की सतरा नंबर म्हणजे नेमकं काय, आणि मग वर्षभर पोरगं शिकणार कुठे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं: शाळेत न जाता खासगीरीत्या दहावीला बसण्याचा तो फॉर्म. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते देण्याची जबाबदारी आपली आहे असं मला वाटतं.

हा मुलगा मला चांगला ठाऊक आहे. गल्लीतलं पोर म्हणून संध्याकाळी वही घेऊन ओट्यावर येऊन बसतो. नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘गुणोत्तर व प्रमाण’ हे प्रकरण आहे. शाब्दिक उदाहरण समोर आलं की तो ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागतो. ‘गु’ पर्यंत नीट येतो, ‘णो’वर अडतो, आणि मग ‘त्त’ या जोडाक्षराशी त्याची झटापट सुरू होते. रफार कुठल्या अक्षरावर आहे, वेलांटी पहिली की दुसरी, हे त्याला दर शब्दाला नव्याने शोधावं लागतं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. फळ्यावरचं 36 वहीत 63 होऊन उतरतं. त्याची वही पाहणारा कुणीही म्हणेल की या मुलाला गणित येत नाही.

एका संध्याकाळी मी पुस्तक मिटलं आणि तोंडी विचारलं, “दोन भावांनी सातास पाच या प्रमाणात पैसे घालून म्हैस घेतली. दुधात चोवीसशे रुपये सुटले. कुणाला किती?” त्याने क्षणभर माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि म्हणाला, “थोरल्याला चौदाशे, धाकट्याला हजार.” कागद नाही, पेन नाही. कसं काढलंस विचारल्यावर म्हणाला, “बारा हिस्से झाले ना मॅडम, एक हिस्सा दोनशेचा.” वडिलांबरोबर बाजारात बसून तो असे हिशोब रोज करतो. सहामाहीच्या पेपरात याच तऱ्हेच्या उदाहरणाखाली त्याने काहीही लिहिलं नव्हतं. बुद्धी शाबूत असलेल्या या मुलाला ‘वाचण्यात अडचण आहे’ एवढं एक वाक्य पहिलीपासून नववीपर्यंत कुठल्याच शाळेच्या कुठल्याच कागदावर आलेलं नाही. आला तो शेरा ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा.

असं मूल फक्त हेच नाही. आमच्या शाळेत आहेत, शेजारच्या शाळेत आहेत, आपण ज्या शाळेच्या कार्यक्रमाला जाल तिथे मागच्या बाकांवर आहेत. त्यांच्या बाबतीत राज्याचं नेमकं काय चुकतं आहे ते माध्यमिक शाळेच्या वर्गातून जसं दिसतं तसं मांडते.

महाराष्ट्रात प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल मुख्यतः खासगी संस्थेचं, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली आहे. समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेतच शिकवण्याची, जी काही यंत्रणा उभी राहिली ती प्राथमिकच्या अंगाने उभी राहिली. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले, दिव्यांग मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले विशेष शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात, मुलांना भेटतात, पालकांशी बोलतात. त्यांच्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर राबले. 2024 मध्ये राज्य शासनाने समूह साधन केंद्रांच्या, म्हणजे जवळच्या काही शाळा मिळून असलेल्या केंद्रांच्या, पातळीवर 4,860 विशेष शिक्षकांची पदं मंजूर करून त्यांत कंत्राटी शिक्षकांना सामावून घेण्याचा निर्णय केला. तो निर्णय चांगला होता आणि मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण मूल जिल्हा परिषदेची शाळा संपवून संस्थेच्या हायस्कूलमध्ये आलं की तो विशेष शिक्षक मागेच राहतो. केंद्राची समग्र शिक्षा योजना कागदावर बारावीपर्यंतची आहे. आमच्या हायस्कूलमध्ये मात्र विशेष शिक्षक आलेला मी पाहिलेला नाही. समूह साधन केंद्राच्या शाळाच पुऱ्या करताना त्यांची दमछाक होते, त्यांना मी बोल लावणार नाही.

मुलाबरोबर त्याची माहितीही येत नाही. चौथीत एखाद्या बाईंनी ओळखलेलं असतं की या पोरीला ऐकायला कमी येतं, हिला पहिल्या बाकावर बसवायचं, बोलताना तिच्याकडे तोंड करायचं. दाखल्यावर जन्मतारीख येते, जात येते, ‘वर्तणूक चांगली’ येतं. त्या बाईंनी जे ओळखलं ते कुठेच येत नाही. हायस्कूलला सगळं पहिल्यापासून. आणि हायस्कूलला एका विषयाचा एक शिक्षक, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, वर्गात साठ-सत्तर मुलं. प्राथमिकला एकच बाई दिवसभर असतात, त्यांना मूल कळतं. आमच्याकडे तास बदलला की शिक्षक बदलतो, आणि ते मूल एकट्या कुणाचंच राहत नाही.

ही फट कायद्यातही आहे, हे आपल्याला माहीत असणारच. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क 2009 चा कायदा 14 वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत सांभाळतो. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात राज्यांना विशेष शिक्षकांची नियमित पदं निर्माण करायला सांगितलं. त्यानंतर केंद्राने 2022 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. पण ते याच कायद्याच्या परिशिष्टात ठरवलं, त्यामुळे तेही आठवीलाच थांबतं. मूल नववीत गेलं की प्रमाण नाही, पद नाही, आणि शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्या तक्त्यात, तर त्या पदाचा रकानाच नाही. बहुपदी, त्रिकोणमिती, कार्बनी संयुगं, तीन भाषांचं व्याकरण, हे सगळं अंगावर येतं त्याच वर्षी आधार संपतो.

यावर उत्तर मिळतं की राज्य मंडळ सवलती देतं. देतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलत देण्याचा विचार 1990 च्या दशकातच करणारं आपलं राज्य आहे. तेव्हा देशातल्या बहुतेक मंडळांच्या गावीही हा विषय नव्हता. आज तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, आकृत्यांतून सूट मिळते, भाषेतून सूट मिळते. माझी तक्रार सवलतींबद्दल नाहीच. ज्याला दिसत नाही त्याला चष्मा न देता वाचायला वाढीव वेळ द्यावा तसं आपण चालवलं आहे, ही माझी तक्रार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 17 काढून पाहावं. परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे त्या कलमात आहेच. त्याच कलमात त्याच्या आधी शिक्षकांना प्रशिक्षण देऊन नेमणं आहे, शाळांना मदत करायला साधन केंद्रं उभारणं आहे, 18 वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत पुरवणं आहे. कलमाचा शेवटचा भाग आपण परिपत्रकांत उतरवला, आधीचा भाग तसाच राहिला. परीक्षेतली सवलत द्यायला परिपत्रक पुरतं, शिक्षक द्यायला पगार लागतो. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

आणि शिकवण्याविना सवलत किती अपुरी पडते ते लेखनिकाच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. नियमाने लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो. तो शोधायचा पालकांनी आणि शाळेने. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर नववीतल्या मुलाचे आईवडील तयार होत नाहीत, मग कुणाच्या तरी नात्यातलं, ओळखीतलं मूल गाठायचं. समजा मिळालं. आता भूमितीचं प्रमेय आहे. ‘रेख एबी समांतर रेख सीडी, एसी ही छेदिका, म्हणून कोन अमुक बरोबर कोन तमुक, कारण व्युत्क्रम कोन’ हे दुसऱ्याला ओळीने सांगून लिहवून घ्यायचं. तो आकृतीत चूक अक्षर घालतो, याला ते वाचता येत नाही, म्हणून चूक पकडता येत नाही. उत्तर सांगून लिहवून घेणं ही वेगळी कला आहे आणि ती सवयीने येते. आपल्या मुलांना ती सवय कधी मिळते? पाचवी ते नववी एकाही घटक चाचणीला, एकाही सहामाहीला त्यांना लेखनिक दिलेला नसतो, जादा वेळ दिलेला नसतो. ‘बोर्डाला मिळेल, आत्ता कशाला’ असं सांगितलं जातं. म्हणजे आयुष्यातला पहिला लेखनिक त्या मुलाला भेटतो तो दहावीच्या मराठीच्या पेपराला, अनोळखी केंद्रावर, सुपरवायझर शेजारी उभे असताना.

गणिताबद्दल तर मला फार बोलायचं आहे, कारण तो माझा विषय. अध्ययन अक्षम मुलांसाठी बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीवरच्या गणिताचा पर्याय आहे. ज्यांना संख्येचाच गोंधळ होतो त्यांच्यासाठी तो फार मोलाचा आहे, तो काढू नये. पण वाचन अडणाऱ्या आणि हिशोब पक्का असणाऱ्या मुलालाही सरसकट हाच पर्याय सुचवला जातो. शाळेला सोयीचा पडतो, एक नापास वाचतो. तो घेतल्यावर पुढे विज्ञान शाखेच्या, तंत्रनिकेतनाच्या वाटा अरुंद होतात हे पालकांना बसवून समजावून सांगणारं कुणी नसतं. म्हशीचा नफा तोंडी वाटणाऱ्या त्या मुलाला प्रश्न वाचून दाखवणारा माणूस हवा आहे. त्याला सातवीचं गणित देणं म्हणजे त्याला जे येतं तेच काढून घेणं. हे कुणी ठरवायचं? विशेष शिक्षक असता तर त्याने ठरवलं असतं.

प्रमाणपत्राचं सांगते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेची पहिली तपासणी आठव्या वर्षाच्या सुमाराला, तिसरीत, व्हायला हवी आणि मग 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा. तिसरीतली तपासणी खेड्यात कुठे होते ते मला दाखवा. आमच्याकडे हा विषय पहिल्यांदा निघतो तो दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी, कारण तेव्हा विभागीय मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव पाठवायचा असतो. मग धावपळ. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या, प्रत्येकाची तारीख वेगळी. मानसशास्त्रज्ञाचं पद रिकामं असेल तर मोठ्या शहरात पाठवतात. रोजंदारीवरच्या माणसाला दर खेपेला खाडा पडतो, एसटीचं भाडं वेगळं, आणि मुलाची शाळा बुडते ती वेगळी. तीन-चार खेपांनंतर बाप म्हणतो, “राहू द्या मॅडम, होईल तेवढं होईल.” मुलगी असेल तर आई पहिल्याच दिवशी म्हणते, “असला कागद नको, उद्या लग्नाच्या वेळी पुढे येईल.” तिला समजवायला वेळ लागतो, चार वेळा घरी जावं लागतं. ते काम विशेष शिक्षकाचं आहे. तो नसतो तिथे ते होत नाही आणि शाळेची माहिती सरकारला भरून देण्याच्या यू-डायसच्या तक्त्यात अशा मुलांपुढे शून्य भरलं जातं. मग आपल्या कार्यालयातून सांगितलं जातं की तुमच्या शाळेत अशी मुलंच नाहीत, पद कशासाठी हवं?

आता सतरा नंबर. खासगीरीत्या दहावीला बसण्याची ही सोय शाळा सुटलेल्यांसाठी, कामावर जाणाऱ्यांसाठी, संसारात अडकलेल्या बायकांसाठी फार चांगली आहे. माझ्या स्वतःच्या मावशीने त्याच वाटेने मॅट्रिक केलं. पण आज कित्येक शाळा तिचा उपयोग पट गाळायला करतात. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की चौकात फलक लागतो, पुढच्या वर्षी प्रवेश वाढतात, तुकडी टिकते, तुकडी टिकली की शिक्षक अतिरिक्त होत नाही. या साखळीत शाळेवर किती ताण असतो ते मी आतून पाहते, आणि त्या शाळेचे मुख्याध्यापक वाईट माणूस आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ताण शाळेवर आहे म्हणून दाखला मुलाच्या हातात, हा न्याय नव्हे. दाखला दिल्या दिवसापासून त्या मुलाला वर्ग नाही, शिक्षक नाही, प्रयोगशाळा नाही, मित्र नाहीत. ज्याला सगळ्यात जास्त शिकवण्याची गरज होती त्यालाच आपण एकट्याने अभ्यास करायला सांगितलं. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 31 प्रमाणे लक्षणीय दिव्यांगत्व (प्रमाणपत्रानुसार 40 टक्के किंवा जास्त) असलेल्या मुलाला 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पंधराव्या वर्षी त्याला शाळेबाहेर काढताना हे कलम कुणाला आठवत नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्रच नाही, त्याला तर हे कलमही लागू पडत नाही, म्हणून तर मघाचा प्रमाणपत्राचा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा आहे.

मी वाचनाच्या अडचणीबद्दल जास्त लिहिलं, कारण ती दिसत नाही आणि म्हणून तिच्यावर अन्याय जास्त होतो. दिसणाऱ्या अडचणींचंही सगळं ठीक आहे असं नाही. आमच्या शाळेत एक मुलगी आहे, शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र वापरते. त्याचे सेल संपले की नवे येईपर्यंत ती तशीच बसते, आणि यंत्र लावलेलं असलं तरी फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकाचं तिला काही कळत नाही. हे आम्हा शिक्षकांना शिकवलं पाहिजे, पण आमची प्रशिक्षणं मोबाइलवर चित्रफीत पाहून प्रमाणपत्र उतरवून घेण्यापुरती उरली आहेत. रॅम्प बहुतेक शाळांत झाले, आणि नववी-दहावीचे वर्ग आणि प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आहेत. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षेतून महिना 200 रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, तोही दहा महिने. रोज रिक्षाने शाळेत येणाऱ्या मुलीचा त्यात एक आठवडा निघत नाही.

आता मागण्या.

सगळ्यात आधी माध्यमिक शाळांसाठी विशेष शिक्षकाचं पद संचमान्यतेत आणा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये राज्यांना पुन्हा सांगितलं आहे की पदं जाहीर करा आणि भरा. केंद्राचं प्रमाण आठवीला थांबत असेल तर राज्याने ते पुढे न्यावं, राज्याला कुणी अडवलेलं नाही. सीबीएसईने आपल्या शाळांना विशेष शिक्षक नेमण्याचं बंधन 2015 मध्येच घातलं. ते किती शाळा पाळतात हा भाग वेगळा, पण तिथल्या पालकाला बोट ठेवायला नियम तरी आहे. राज्य मंडळाच्या शाळेतल्या पालकाला तेवढंही नाही. एकेका छोट्या हायस्कूलला पूर्ण पद देता येणार नाही हे मला समजतं. मग जवळच्या तीन-चार हायस्कूलना मिळून एक विशेष शिक्षक द्या, त्याचा प्रत्येक शाळेत ठरलेला वार असू द्या आणि तो वेळापत्रकात लिहिलेला असू द्या. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले, विशेष शिक्षणात बी.एड. केलेले तरुण-तरुणी नोकरीच्या शोधात आहेत. माणसं आहेत, पदं नाहीत.

दुसरं, आठवीत किंवा जिथे मूल हायस्कूलला येतं त्या वर्षी पहिल्या सत्रातच प्रत्येक मुलाची वाचन-लेखन-गणिताची प्राथमिक पडताळणी करा, आणि दिवाळीच्या आत तालुक्याच्या ठिकाणी तपासणीचं शिबिर घ्या. डोळे, कान, मानसशास्त्रज्ञ एकाच जागी, एकाच दिवशी. आरोग्य विभाग आणि दिव्यांग कल्याण विभाग यांच्याशी बोलणं आपल्यालाच करावं लागेल. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग करणारं आपलं राज्य आहे, तेव्हा तीन विभागांनी एकत्र बसायला अडचण नसावी. प्राथमिक शाळेने मुलाबद्दल जे ओळखलं ते एका कागदावर लिहून दाखल्याबरोबर हायस्कूलला द्यावं, एवढं तर उद्याच्या उद्या एका परिपत्रकाने होईल. त्याला पैसा लागत नाही.

मंडळाकडे माझी मागणी अशी आहे की बोर्डाला जी सवलत मिळणार ती शाळेच्या सगळ्या चाचण्यांना आणि सत्र परीक्षांना निदान आठवीपासून देणं शाळांवर बंधनकारक करा. मान्यतेचा प्रस्ताव दहावीच्या फॉर्मबरोबर न घेता नववीच्या सुरुवातीला घ्या. लेखनिकांची यादी तालुक्याच्या पातळीवर तयार ठेवा, त्यांना थोडं शिकवा, आणि मुलाची आणि लेखनिकाची परीक्षेआधी काही वेळा गाठ घालून द्या. ज्याला लिहिता येतं पण वाचता येत नाही त्याला फक्त प्रश्न वाचून दाखवणारा माणूस पुरतो, तो पर्याय शाळांना ठळकपणे कळवा. गणिताचा सोपा पर्याय निवडण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या आणि त्या कागदावर पुढच्या वाटांचं काय होतं ते साध्या मराठीत छापा.

सतरा नंबरच्या बाबतीत, नववीत किंवा दहावीत शिकत असलेल्या मुलाने शाळा सोडून हा फॉर्म भरला तर कारण काय हे शाळेने लेखी कळवावं आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी पालकांशी स्वतः बोलून मगच ते मान्य करावं. आणि दहावीचा निकाल जाहीर करताना प्रत्येक शाळेच्या टक्केवारीशेजारी आणखी एक आकडा छापा: दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये या शाळेच्या नववीच्या पटावर किती मुलं होती आणि त्यांतली किती याच शाळेतून दहावीला बसली. माहिती यू-डायसमध्ये आहे, राज्याच्या ‘सरल’ या विद्यार्थी नोंदणीत आहे, नवीन काही गोळा करायचं नाही. हा आकडा लोकांसमोर आला तर कच्च्या मुलाला सांभाळणाऱ्या शाळेची मान ताठ होईल. आज त्याच शाळेला निकाल कमी लागला म्हणून खुलासा मागितला जातो. माझ्या सगळ्या मागण्यांत बिनखर्चाची आणि सगळ्यात परिणाम करणारी मागणी ही आहे असं मला वाटतं.

संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. तोपर्यंत विशेष शिक्षकाचा रकाना त्या तक्त्यात आला नाही तर आणखी एक वर्ष गेलं, आणि यंदा नववीत असलेली मुलं तोवर दहावीत पोचलेली असतील. म्हणून 30 सप्टेंबरच्या आत आपला निर्णय काय तो जाहीर करावा, अशी विनंती आहे. नकार असेल तर तोही कारणांसह लेखी द्यावा, म्हणजे पालकांना पुढे कुठे दाद मागायची ते ठरवता येईल. त्या भाजीवाल्या बापाला मी सध्या दाखला काढू नका असं सांगितलं आहे आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशीही बोलले आहे. त्यांनी जूनमध्ये पुन्हा विचार करू असं म्हटलं आहे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका